लाल फितीचा कॅन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं उभी राहते तेव्हासुद्धा हे तेवढं सोडून बाकीचं बोलते — जणू त्याला माहीतच नाही. आज तुमच्याशी बोलायला बसलेच आहे, तर सरळ बोलीन म्हणते. पण सरळ कुठून सुरू करतात?

मशीनपासून करते.

इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात आम्हा अकरा बायकांचा बचत गट होता. मी अध्यक्ष. पापड-लोणची सगळेच गट करतात, आपण दुसरं काहीतरी करू, असं मी म्हटलं. इस्लामपुरात नवे बंगले होत होते, बंगल्यापुढं हिरवळ, आणि ती कापायला माणूस मिळत नव्हता. शाळांच्या मैदानांवर पावसाळा संपता संपता कंबरेएवढं गवत माजायचं. तेव्हा पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन घ्यायचं — ते खांद्याला पट्ट्यानं अडकवतात, लांब दांडी असते आणि दांडीच्या टोकाला फिरणारं पातं — आणि बागांची कामं धरायची. ही कल्पना माझी होती. हे आधीच सांगून ठेवते. का सांगते? बघा, अजून जात नाही ते.

शबाना गटात सगळ्यांत शेवटी आली. तिशीतली असेल. नवरा टेम्पो चालवायचा, पदरात एक लहान मुलगी. तिचं माहेर कवठे महांकाळचं. तिथं तिच्या अब्बांचं पाण्याचे पंप आणि फवारे दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि शाळा सुटली की ही पोरगी घरी न जाता दुकानात जाऊन बसायची. हे तिनं आम्हाला नंतर कधीतरी सांगितलं. सुरुवातीला ती काही बोलायचीच नाही. मला वाटलं, गरीब आहे, सांगू ते काम करील.

मशीन घ्यायला आम्ही तिघी सांगलीला गेलो — मी, शबाना आणि गटातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या पार्वतीआक्का. मला एक लाल मशीन पसंत पडलं होतं. मोठं, चार स्ट्रोकचं. दुकानदारानं सांगितलं, ह्याचं तेल वेगळं असतं, पेट्रोलमध्ये मिसळायची कटकट नाही. मी मान डोलावली. मी महिनाभर माहिती गोळा केली होती, वहीत लिहून नेली होती. शबानानं ते मशीन उचललं, पट्टा खांद्यात घातला आणि दुकानापुढच्या फरशीवर वीस पावलं चालून परत आली.

"वैनी, हे जड हाय," ती म्हणाली. "पाच-सहा तास बाईमाणसाच्या खांद्याला न्हाई झेपायचं. उताराला तर न्हाईच."

मग तिनं कोपऱ्यातलं एक लहान, दोन स्ट्रोकचं मशीन काढायला लावलं. ते थंड असताना सुरू करून दाखवा म्हणाली. हवेचा फिल्टर उघडून बोटानं चाचपला. प्लग कुठला लागतो, तो इस्लामपुरात मिळतो का, ओढायची दोरी तुटली तर कुणाकडं यायचं, पात्याजवळच्या गिअरला ग्रीस कुठून भरायचं — एकामागून एक. दुकानदार आधी माझ्याकडं बघून बोलत होता. हळूहळू त्याचं तोंड तिच्याकडं वळलं. शेवटी तर तो तिलाच ताई, ताई करायला लागला. मी वही पिशवीत ठेवली. बिलावर सही मात्र माझी लागली.

येताना एसटीत आक्का म्हणाल्या, "लय हुशार गं पोरगी. देवानं धाडली." मी व्हय म्हटलं. खिडकीतून बाहेर बघत म्हटलं.

तुम्हाला कधी असं झालंय का — एखादं माणूस वाईट नाही, तुमच्याशी वाईट वागत नाही, उलट मान देतं, आणि तरी ते खोलीत आलं की तुमचं अंग आखडतं? शबाना मला आवं वैनी, जावं वैनी करायची. पहिल्या दिवशी मशीन तिनं माझ्याच हातात दिलं. "तुमी चालवा वैनी, तुमचा मान." मी दोरी ओढली. चार वेळा, सहा वेळा. मशीन खोकायचं आणि गप्प. बंगल्याची मालकीण व्हरांड्यात उभी. मग शबाना आली, चोक अर्धा मागं घेतला, एकदाच ओढलं. झालं सुरू. तिनं ते चालू मशीन परत माझ्याच खांद्याला अडकवायला आणलं. मी नको म्हटलं. दंताळं उचललं आणि तिच्या मागनं गवत गोळा करायला लागले.

त्यानंतर मशीन तिचंच झालं. कुणी ठरवलं नाही, पण झालं. आणि ते तिनं पोटच्या पोरासारखं सांभाळलं, हे मी नाकारत नाही. काम संपलं की टाकीतलं पेट्रोल काढून घ्यायची, नळीत उरलेलं मशीन चालवून संपवायची. नाहीतर कार्बोरेटरात चिकटा धरतो म्हणायची. फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायची. आठवड्याला प्लग काढून काजळी पुसायची. मशीन माझ्या घरी, गोठ्याशेजारच्या खोलीत असायचं, म्हणून ती रोज संध्याकाळी माझ्याकडं यायची. खोलीत दोन कॅन होते. एकात पंपावरून आणलेलं नुसतं पेट्रोल — माझ्या स्कूटीलाही तेच. दुसऱ्यात तेल मिसळलेलं, मशीनचं. त्याच्या मुठीला तिनं मुलीच्या वेणीची लाल फीत बांधली होती, म्हणजे कुणाचा हात चुकायला नको. लिटरला चाळीस मिली तेल. मापानं घालायची, कॅन हलवायची, थोडं बाटलीत घेऊन उजेडाकडं धरायची. तेल पडलेलं असलं की पेट्रोलला हिरवट झाक यायची.

"बघा वैनी," म्हणायची, "हिरवं दिसलं म्हंजी मशीन जितं."

हे सगळं माझ्या वहीतही होतं. चाळीस मिली, फिल्टर, प्लग — सगळं. मी बारावी पास. ती आठवी. पण बंगल्यांतून फोन यायचे ते असे — "त्या मशीनवाल्या ताई येणार आहेत ना?" फोन माझा, गट माझा, आणि विचारणा तिची. मी म्हणायची, येणार की.

आता ह्यांचं सांगते. आमचे हे तेव्हा फौजेत होते, गाड्या दुरुस्त करायच्या विभागात. वर्षाला दोनदा सुट्टी. त्या खेपेला आले तेव्हा संध्याकाळी शबाना मशीन उघडून बसली होती. हे सहज म्हणून बघायला गेले आणि तिथंच पोत्यावर बसले. मी चहा करून नेला. दोघांचं कार्बोरेटरवर चाललं होतं. कुठला स्क्रू किती फिरवला की आवाज कसा होतो, असलं काहीतरी. मी कप ठेवला, तो कुणाला दिसला नाही. तासाभरानं हे आत आले, हात पुसत म्हणाले, "ही पोरगी आमच्याकडं वर्कशॉपला पायजे होती. कान लय तयार हाय तिचा."

वाईट काही नव्हतं त्यात. तसला संशय मला एक क्षणही आला नाही. तिच्यावर नाही, ह्यांच्यावर नाही. पण लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षांत हे माझ्याशी कधी तासभर बोलले होते का — त्यांच्या कामाबद्दल, इतकं मन लावून? मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा. विचारलं असतं तर मला कळलं नसतं. ते दुखणं तिच्यामुळं नव्हतं. पण समोर तीच होती.

सुट्टी संपवून हे गेले. पंधरवडा गेला असेल.

हात चुकला, असंच मी सुरुवातीची काही वर्षं स्वतःला सांगत होते. दोन कॅन शेजारी, घाईची वेळ, खोलीत उजेड कमी. तुम्हालाही तसंच सांगावं, असं आत्ता हे सांगतानाही मनात येऊन गेलं. पण हात चुकला नव्हता.

त्या दिवशी एका शाळेचं मैदान कापायचं होतं. शबानाच्या मुलीला ताप होता, म्हणून ती परस्पर शाळेवर येणार होती. मशीन भरून मी न्यायचं होतं. तेल मिसळलेलं पेट्रोल तिनं आदल्या संध्याकाळीच करून ठेवलं होतं. मी खोलीत गेले. टाकी रिकामी होती — तीच रोज रिकामी करायची ना. मी लाल फितीचा कॅन उचलला, झाकण काढलं, आत बघितलं. हिरवट होतं. मग तो खाली ठेवला आणि दुसरा उचलला. नुसत्या पेट्रोलचा. ते टाकीत ओतलं. टाकी भरेपर्यंत ओतलं. थांबायला वेळ होता.

काय होणार हे मला माहीत होतं का? होतं. वहीत माझ्याच अक्षरात होतं — तेलाशिवाय चालवल्यास इंजिन जाम होते. 'होते' खाली रेघसुद्धा मारली होती मी.

मैदानावर ऊन चांगलंच तापलं होतं. गवत दाट, मुळाशी ओलं, मशीनला जोर लागत होता. शबाना धावतपळत आली, पोरीचा ताप उतरला म्हणाली, मशीन अडकवलं आणि पहिल्या ओढीत सुरू केलं. मी तिच्यामागं दंताळं घेऊन. खरं सांगू? गवत ओढत होते, पण कान मशीनकडं होते. मी वाट बघत होते. अर्धा तास झाला असेल. आवाज बारीक झाला, कोरडा, वरच्या पट्टीत गेल्यासारखा. शबानानं लगेच मान वळवली, बटण बंद केलं, मशीन खाली ठेवलं. तिला कळलं होतं. पण झालं होतं. तिनं दोरी ओढली तर दोरी येईना. जागच्या जागी घट्ट. तिनं दोन्ही हातांनी ओढून बघितलं, मग गवतात बसली आणि इंजिनावर हात ठेवला. भाजला तरी काढला नाही लवकर.

ती आणि त्या दिवशी कामावर असलेल्या आक्का मशीन घेऊन रिक्षानं इस्लामपूरला मिस्त्रीकडं गेल्या. मी घरी आले. थोड्या वेळानं आक्कांचा फोन. "मिस्त्री म्हणतोय तेलच न्हाई पडल्यालं. पिस्टन पार खरवडलाय. ती म्हणती घातलंतं. तू तो कॅन घिऊन ये, बघू दे त्याला."

इथवरचं तुम्ही कदाचित म्हणाल, एका क्षणाचं झालं. डोक्यात राख घालून घेतली, करून बसली. पण मी फोन ठेवला आणि खोलीत गेले. लाल फितीच्या कॅनमधलं हिरवट पेट्रोल मागच्या उकिरड्यावर ओतलं. सगळं. कॅनमध्ये थोडं नुसतं पेट्रोल घेतलं, खळबळून तेही ओतलं. मग पुन्हा नुसतं पेट्रोल भरलं, तिनं जेवढं भरून ठेवलं होतं साधारण तेवढंच. फीत सुटली होती, ती परत बांधली. तेलाची बाटली फळीवर होती. तिच्यातलं तेल उतरलेलं दिसत होतं. तिनं आदल्या दिवशी काढलेलं. ती बाटली कुणी बघितली असती तर सगळं कळलं असतं. मी ती पोत्यांच्या मागं सारली. कॅन स्कूटीला अडकवून इस्लामपूरला गेले. हे सगळं करायला मला वीस मिनिटं लागली असतील. वीस मिनिटं काही एक क्षण नसतो.

मिस्त्रीनं कॅनमधलं पेट्रोल पांढऱ्या मगात ओतलं. नुसतं होतं. आक्कांनी तोंड फिरवलं. शबानानं तो मग हातात घेतला, उजेडाकडं धरला, तिरका केला. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं — आणि ते बघणं संशयाचं नव्हतं. संशय असता तर मी काहीतरी केलं असतं, भांडले तरी असते. ती आठवत होती. काल संध्याकाळी आपण काय केलं ते आठवायला बघत होती, आणि मला दिसत होतं, तिला ते आता आठवेनासं झालंय.

"मी घातलंतं," ती हळू म्हणाली. मग थोड्या वेळानं, "घातलंतं का?"

आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "असू दे गं. पोरगी आजारी, जीव सगळा तिकडं. घाईत ऱ्हाऊन गेलं आसंल. माणूसच हाय."

एवढंच बोलले. सगळ्यांना वाटलं, मी तिची बाजू घेतली.

रविवारी गटाची बैठक झाली. दुरुस्तीचं ठरलं, नवा पिस्टन घालायचं ठरलं. मी मध्येच म्हणाले की चार स्ट्रोकचं घेतलं असतं तर ही वेळच आली नसती. तिच्याकडं न बघता म्हणाले. शबाना उठून उभी राहिली आणि म्हणाली, इथनं पुढं मशीनला मी हात लावणार न्हाई, माझा भरवसा मलाच न्हाई. कुणी तिला फार आग्रह केला नाही. मीही नाही. मशीन माझ्याकडं आलं. मी शिकले — दोरी ओढायला, चोकचा अंदाज घ्यायला. चांगली चालवायला लागले. आणि ती माझ्यामागं दंताळं घेऊन गवत गोळा करायची. आठ महिने. एकदा मशीन अडखळत होतं, मला काय ते कळेना, मी तिला हाक मारली. ती दहा पावलांवर थांबली. "फिल्टर भरलाय बहुतेक," म्हणाली, पण जवळ आली नाही.

मशीन जाम झालं त्या रात्री फोनवर हे म्हणाले होते, "ती तेल विसरायची न्हाई." मी म्हटलं, "तुमाला लय माहीत." त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. निवृत्त होऊन आता घरीच आहेत. कधी माझ्याकडं बघत बसतात तेव्हा मला वाटतं, त्यांना माहीत आहे. विचारायची माझी छाती नाही.

मला आनंद झाला का, ते तुम्ही विचाराल. झाला. बंगल्यातल्या बाईनं पहिल्यांदा मला "मशीनवाल्या ताई" म्हटलं त्या दिवशी झाला. तो खोटा नव्हता. लाज त्याच्या बरोबरीनं होती, पण तिनं आनंदाला ढकलून काढलं नाही. दोन्ही एकाच घरात राहिली.

नंतर शबानाच्या नवऱ्याला सांगलीत गोदामावर काम लागलं आणि ती माणसं माधवनगरला राहायला गेली. सात वर्षं होतील आता. मागच्या उन्हाळ्यात मी सांगलीला खरेदीला गेले होते, तर बाजारात तीच मागून आली, हात धरला. "आवं वैनी, घरी चला. न्हाई म्हनायचं न्हाई." मी दोनदा नको म्हटलं. तिनं रिक्षा थांबवलीसुद्धा.

दोन खोल्यांचं घर, स्वच्छ. खिडकीशी शिलाई मशीन. ती कपडे शिवते. मुलगी आफरीन, जिला त्या दिवशी ताप होता, आता दहावी पास झालेली, उंच. चहा झाला, बिस्किटं झाली. चहा करताना शबानानं शेगडीचं बटण बंद केलं, चार पावलं गेली, परत येऊन बघितलं, पुन्हा येऊन बघितलं. माझं लक्ष गेलं तशी हसली.

"सवय लागलीया," म्हणाली. "त्या तेलाच्या वक्तापासनं. माझ्या हातावर माझा इस्वास ऱ्हायला न्हाई बघा. पर एक सांगू वैनी? त्या दिवशी सगळ्यांची तोंडं फिरली हुती. तुमी एकट्यांनी खांद्यावर हात ठेवला. ते मी मरंस्तोवर इसरायची न्हाई."

मी काय केलं? मी चहा प्यायले.

मग तिनं मूळ गोष्ट काढली. आफरीनला आयटीआयला जायचं होतं, मोटार मेकॅनिकला. शिक्षक म्हणत होते, मिळेल, हुशार आहे. शबाना नको म्हणत होती. "आमच्या हातात न्हाई ते. मी करून बघिटलं, तोंडघशी पडले. हिला शिवणकाम बरं. वैनी, तुमी सांगा हिला, तुमी मशीन चालवलंय. तुमचं ऐकंल ती."

मुलगी दाराशी उभी होती. माझ्याकडं बघत होती. तिच्या आईच्या डोळ्यांनी नाही बघत, स्वतःच्याच — सरळ, थोडं रागानं, थोडं आशेनं. आता तरी बोलायला काय हरकत होती? आई गटातून गेली होती, गट मोडला होता, मशीन भंगारात गेलं होतं. माझं जाणार तरी काय होतं? तिनं खांद्यावरचा तो हात विसरणार नाही म्हटलं होतं, ते तेवढं गेलं असतं. तेवढ्यासाठी —

मी म्हटलं, "आईचं ऐक, बाळ. ती अनुभवाचं सांगतीया."

आफरीन आत निघून गेली. शबानानं निघताना मला एक पिशवी दिली, स्वतः शिवलेली, आणि रिक्षापर्यंत सोडायला आली.

पुढच्या महिन्यात तिचा फोन आला. आफरीननं शिवणकामाचा फॉर्म भरला म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं.